चव्वेचाळीसावं बाक

"आजोबा, तुम्ही अध्यक्षांच्या खुर्चीत बसल्या बसल्या कधी झोपलात का हो?"

हा प्रश्न विचारायची पैज मैत्रिणींनी लावली होती, आणि पैज म्हटल्यावर नात मागे हटणारी नव्हतीच. शाळेत तिला सगळे भोंगा म्हणत. ती वर्गात कुजबुजली तरी वरच्या मजल्यावर ऐकू जाई. त्यात शाळाशाळांच्या अभिरूप सभेसाठी नेमकं याच भोंग्याला अध्यक्ष नेमलं होतं. अध्यक्षाने स्वतः वाद घालायचा नाही, दुसऱ्यांना बोलू द्यायचं. "म्हणजे तुला तोंड शिवून बसायची नोकरी!" मैत्रिणी पोट धरधरून हसल्या होत्या.

आजोबा म्हणजे तिच्या आईचे वडील. अकरा वर्षं खऱ्या सभागृहाचे अध्यक्ष होते. आता खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसून ते दिवस पुन्हा पुन्हा सांगायचे: बाकांच्या पॉलिशचा वास, ऐंशी माणसं एकदम उठली की होणारा खडखडाट, आत एकमेकांवर तुटून पडणारे आणि बाहेर एकाच बशीतली बिस्किटं खाणारे दोन पुढारी. ती लहानपणापासून ऐकत आली होती. कधी न पाहिलेल्या त्या दालनाची तिला घरच्यासारखी आठवण यायची.

या प्रश्नालाही ते हसतील असं तिला वाटलं होतं.

"एकदा," ते म्हणाले. "चार मिनिटं. दुपारची वेळ होती. नदीवरच्या लाँचची दुरुस्ती वर्षभर पुढे ढकलायचा ठराव होता. डोळे उघडले, तर शेवटच्या बाकावरच्या बाई उभ्या. पहिल्यांदाच निवडून आलेल्या. कधीपासून उभ्या होत्या, कोण जाणे. अध्यक्षाने पुकारल्याशिवाय सदस्याला बोलता येत नाही, आणि बाई नियमाच्या पक्क्या."

"मग पुकारलंत ना?"

"माझी डुलकी कुणाला कळू नये म्हणून घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणालो, वेळ संपली, बसा." आजोबांनी चष्मा काढला. "बसल्या बिचाऱ्या. ठराव मंजूर झाला. आठव्या दिवशी त्यांच्या गावची लाँच बुडाली. त्याही होत्या तिच्यात. कामकाजाच्या नोंदीत त्यांचं एक अक्षर नाही, पोरी. मी बोलूच दिलं नाही."

पैज जिंकल्याचं मैत्रिणींना सांगायचं तिचं राहूनच गेलं.

खरी सभा कधीच नव्या इमारतीत गेली होती. जुनं दालन शाळांच्या स्पर्धांना देत. ती आत शिरली आणि तिच्या अंगावर काटा आला, पण आनंदाचा. सगळं आजोबांनी सांगितलं होतं तस्सं! घोड्याच्या नालेसारखी मांडलेली बाकं, पितळी क्रमांक, हातांनी झिजलेल्या कडा. प्रत्येक बाकावर एक माइक होता, पण पहारेकऱ्याने आधीच बजावलं होतं, "त्यांची वायर कापलीय. ओरडूनच बोला."

"आमच्या अध्यक्षबाईंना माइक कशाला लागतोय?" चष्मेवाली म्हणाली. ती तिची जिवलग मैत्रीण. तिच्याकडे नोंदी लिहायचं काम होतं.

विषय होता, गृहपाठ बंद करावा. पोरांनी दालन डोक्यावर घेतलं. अध्यक्षबाईंनी घंटी वाजवली, दोघांना समज दिली, एका लाजऱ्या मुलीला मुद्दाम पुकारून बोलतं केलं. आपल्याला गप्प बसता येतं, आणि आपण गप्प बसलो की दुसरे फुलतात, याची तिला भलतीच मजा वाटत होती.

मग तिने मतं मोजली. बाजूने एकवीस, विरोधात एकवीस. मत देणारी मुलं होती एकेचाळीस.

तिने पुन्हा मोजली. बेचाळीसच.

शेवटच्या रांगेत, चव्वेचाळीसाव्या बाकापाशी, एक बाई उभ्या होत्या. हातात दुमडलेला कागद. दुसऱ्या शाळेच्या शिक्षिका असतील, असं तिला आधी वाटलं. पण त्या तिच्याकडे ज्या नजरेने पाहत होत्या, तशा शिक्षिका मुलीकडे पाहत नाहीत. परवानगी मागणारी नजर होती ती.

"अगं, निकाल सांग ना!" चष्मेवाली कुजबुजली.

तिचा हात घंटीवर होता. नजर फिरवली असती तर संपलं असतं. तिला घड्याळाकडे बघावंसं वाटलं. फार वाटलं.

"सदस्य क्रमांक चव्वेचाळीस," ती म्हणाली. "बोला."

पोरं मागे वळून बघायला लागली. कुणीतरी फिस्सकन हसलं.

चव्वेचाळीसाव्या माइकचा लाल दिवा लागला.

बाईंनी कागद उलगडला. आवाज बारीक होता, पण स्पष्ट. त्या यादी वाचत होत्या. सकाळच्या पहिल्या फेरीला कोण कोण असतं त्याची. शिंपी. शिंप्याची आई. दूधवाला. नर्सबाई, डब्यासकट.

शिंपी म्हटलं तेव्हा तिसऱ्या बाकाचा दिवा लागला.

शिंप्याची आई म्हटलं तेव्हा चौथ्याचा.

मग पाचव्याचा.

ती एकेकाला मान हलवून दाद देत राहिली. अध्यक्षाने ऐकायचं असतं.

चार मिनिटांनी पहारेकरी दारात आला. "चला, दालन बंद करायचंय."

बाई वाचायच्या थांबल्या. कागद अजून पुष्कळ उरला होता.

बसमध्ये चष्मेवाली चिडली होती. "काय ते! चार मिनिटं नुसती मान डोलावत होतीस. मी लिहू काय?"

घरी आजोबा दाराकडे डोळे लावून बसले होते. ती त्यांच्या पायाशी बसली आणि हळू आवाजात, तिला जमेल तितक्या हळू, सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

"वेळ किती दिलास?"

"चार मिनिटं."

"पुरली?"

"नाही आजोबा."

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

जेवताना तिने ताट बाजूला सारलं आणि आईबाबांना सांगून टाकलं, "उद्यापासून शाळा सुटली की मी रोज जुन्या सभागृहात जाणार. पहारेकरीकाकांना विचारलंय, ते अर्धा तास उघडून देणार आहेत."

"स्पर्धा संपली ना गं?" बाबा म्हणाले.

"स्पर्धा संपली. सभा मी तहकूब केलीय फक्त."

"अगं, पण त्या रिकाम्या दालनात एकटी बसून करणार काय?" आई वैतागली.

"रिकामं नाहीये आई," ती म्हणाली. "आमची मुलं बसकडे गेल्यावर मी परत मोजलं. सभा चालवायला जेवढी माणसं लागतात, त्याहून जास्तच होती."