उत्तराची शीळ

जयपुरातल्या मराठी मंडळींच्या पक्षिमंडळात अप्पासाहेबांचा शब्द अखेरचा. फौजेतला माणूस, पाखरांनीसुद्धा वेळेवर हजर व्हावं अशी त्यांची अपेक्षा. डोंगरात हाका मारायच्या नाहीत, हा त्यांचा कायदा होता. प्रत्येकाला एकेका पाखराची शीळ ठरवून दिलेली. कुणाची शीळ आली की आपल्या शिळेनं उत्तर द्यायचं, आणि उत्तर मिळाल्यावरच पहिल्यानं जागा सोडून उत्तर देणाऱ्याकडे जायचं. त्यामुळे चुकामूक होत नसे.

सदाशिवची शीळ कोतवालाची. त्याच्या बायकोनं, शालिनीनं, नवरंगाची घेतली होती, वर चढून खाली येणारी, दोन सुरांची. तिच्या माहेरी, चिपळूणला, नवरंग यायचे. जयपुरात मंडळातल्या कुणाला तो अजून दिसला नव्हता. उन्हात ती कॅनव्हासच्या छागळीतल्या पाण्यानं पंचा भिजवून सदाशिवच्या मानेवर टाकायची, आणि सदरा भिजतो म्हणून तो दर वेळी कुरकुरायचा.

माघात ती न्यूमोनियानं गेली. सदाशिवला रडू आलं नाही. रडूच काय, थंडी सरून लूच्या झळा सुरू झाल्या हेही त्याला लोकांच्या बोलण्यातून कळलं. तो ऑफिसात जात होता, दाढी करत होता, जेवत होता. आत सगळं बधिर. असंच राहिलं तर एक दिवस तिचा चेहराही आठवेनासा होईल, एवढी एकच भीती त्याला होती, आणि तीही हल्ली बोथट झाली होती.

एकोणीसशे बासष्टच्या जूनमध्ये मंडळ शहराबाहेरच्या झालाण्याच्या डोंगरात गेलं. भर दुपारी, खैराच्या तुटपुंज्या सावलीत डबे उघडले असताना, घळीतून शीळ आली. वर चढून खाली.

"नवरंग!" बँकेतले वसंतराव घास टाकून उठले. "अप्पासाहेब, जयपुरात नवरंग!"

"असल्या उन्हात बोलत नाही तो," अप्पासाहेब म्हणाले, पण दुर्बीण उचललीच.

सगळ्यांनी घळ पिंजून काढली. शीळ डावीकडून यायची. तिकडे जावं तर मागून. पाखरू काही दिसेना. शेवटी वसंतरावांची बायको जयंती थबकली.

"भाऊजी, तुम्ही जाल तिकडे ते येतंय." मग हळूच, "तुम्ही तर वाजवत नाही ना?"

सदाशिवनं मान हलवली. माघापासून त्याच्या ओठांतून शीळ निघालीच नव्हती. ती शीळ कुणाची होती हे चौघांनाही ठाऊक होतं.

ऊन कललं. मंडळी जीपपाशी आली. घळीतून दोन सूर यायचे, मग शांतता. पुन्हा दोन सूर.

उत्तर मिळाल्याशिवाय शालिनी कधी जागची हलली नव्हती.

"बसा, सदाशिवराव," अप्पासाहेब म्हणाले. "पाखरूच आहे ते." आवाजात नेहमीचा हुकूम नव्हता.

कितीतरी दिवसांनी सदाशिवला काहीतरी वाटत होतं. ते वाटणं जाऊ नये असंही वाटलं.

त्यानं ओठ ओले केले आणि कोतवालाची शीळ घातली.

घळ गप्प झाली.

जीप निघाली. सदाशिवशेजारी बसलेली जयंती सरकली, आणखी सरकली, पार नवऱ्याला जाऊन चिकटली. मधे एका माणसाची जागा झाली.

"काय गं?" वसंतरावांनी विचारलं.

"काही नाही. बसा नीट."

शहरात, सोडाल्यात सदाशिवच्या घरापुढे जीप थांबली. छागळ दुपारीच रिकामी झाली होती. सगळ्यांचे रुमाल वाळून कडक झाले होते. उतरताना सदाशिवच्या मानेला गार लागलं. पाण्याचा ओघळ पाठीवरून खाली गेला. जयंती त्याच्या भिजलेल्या कॉलरकडे बघत राहिली.

"पुरे गं, सदरा भिजतो," तो कुरकुरला.

फाटक उघडून तो बाजूला झाला. जरा थांबला. मग स्वतः आत गेला आणि कडी लावली.