पुलावरचा नकार

बाहेर सोफियात लख्ख दुपार होती, आणि झोर्नित्सा काळ्या पडद्यांच्या खोलीत बसून आपल्या नवऱ्याला कापत होती. दचकू नका, तिचा धंदाच तो. सिनेमात माणूस पळतो एकीकडे आणि त्याच्यामागची आग येते दुसरीकडून. दोन्ही एकत्र आणायची तर आधी त्या माणसाला चित्रातून अलगद सोडवून घ्यावं लागतं.

पूर्वी ती हे हातानं करायची. एका चित्रावर माणसाच्या कडेकडेनं रेघ ओढायची, मग पुढच्या चित्रावर, मग त्याच्या पुढच्या. केसांपाशी आलं की देव आठवायचा. आता नवं साधन आलं होतं. माणसावर एक हिरवा ठिपका ठेवायचा, की यंत्र त्याला ओळखायचं आणि सगळ्या दृश्यभर त्याचा मास्क काढायचं: माणूस तेवढा पांढरा, बाकी जग काळं.

"आपल्या पोटावर पाय आणणार हे यंत्र," शेजारच्या टेबलावरचा ल्यूबेन रोज कुरकुरायचा.

झोर्नित्सा मात्र मनातल्या मनात त्या यंत्राचे आभार मानायची. त्याच्यामुळे ती उजेडात घरी पोचत होती. लेक जागी असताना तिला भेटत होती. एवढं देणाऱ्याला शिव्या कशा घालायच्या?

तर त्या दिवशी चित्रातला माणूस होता तिचा नवरा कालोयान. नायकाच्या जागी पडायचं, आपटायचं, पेटायचं कालोयाननं, आणि पडद्यावर चेहरा मात्र नायकाचा! रोदोपीच्या डोंगरात एका दरीवर तारांचा जुना झुलता पूल होता. काल तो त्या पुलावर निम्म्यापर्यंत पळाला होता, आणि ती दृश्यं आज झोर्नित्सापुढे आली होती. आज जेवणानंतर त्याला तोच पूल या टोकापासून त्या टोकापर्यंत ओलांडायचा होता.

तिनं त्याच्या पाठीवर हिरवा ठिपका ठेवला. पांढरा कालोयान काळ्या अंधारात पळू लागला. आणि त्याच्या पुढे, निम्म्या पुलाच्या जरा पलीकडे, आणखी एक पांढरा डाग उमटला.

तिनं मूळ चित्र पाहिलं. तिथं धुकं, ओल्या फळ्या आणि कठड्यावरचा एक गंजका दिव्याचा हूक. माणूस कुणीच नव्हता.

यंत्र चुकतं कधीकधी. खुंटीवरचा कोट म्हणजे माणूस समजतं. असं झालं की तिथं लाल ठिपका ठेवायचा, म्हणजे 'हे नको'. तिनं लाल ठिपका ठेवला. डाग गेला. तिनं कॉफीचा घोट घेतला आणि दृश्य पुन्हा चालवलं.

डाग परत आला होता. आता त्याला डोकं होतं.

तिनं आणखी लाल ठिपके ठेवले, मग चिडून बोटानं नुसते टोचतच सुटली. प्रत्येक ठिपक्यासरशी डाग पुसट व्हायच्या ऐवजी रेखीव होत गेला. टोपीची कड आली. पाठीमागे धरलेला एक हात आला. शेवटी खांदे आले, आणि डावा खांदा उजव्यापेक्षा चांगला चार बोटं खाली होता.

झोर्नित्साचा हात थांबला.

"ल्यूबेन... जरा इकडे ये."

ल्यूबेन आला. तेवढ्यात लंडनहून कॉनराडसाहेबांचा फोन पडद्यावर लागला. काम तपासायला ते रोज याच वेळी यायचे. त्यांनाही तो मास्क दिसत होता. पांढरी आकृती बाजूनं उभी होती, आणि तिची हनुवटी झटक्यानं वर उडत होती. थांबत होती. पुन्हा उडत होती.

"अरे वा, तुमचं भूत तर मान डोलावतंय!" साहेब खदखदून हसले. "हो म्हणतंय ते. चला, काम मंजूर!"

ल्यूबेन हसला नाही. "साहेब, आमच्याकडे हो म्हणताना मान डावी-उजवीकडे हलते," तो हळूच म्हणाला. "हनुवटी अशी वर उडवली ना... की ते 'नाही' असतं."

झोर्नित्साला हे कुणी सांगायची गरज नव्हती. ती हनुवटी तिनं संसारभर सोसली होती. तिचा सासरा स्तामेन, म्हणजे घरातल्यांचा 'ताते', बाबा, जन्मभर रोदोपीच्या घाटांत बस हाकत आला. तिकडे बसचालक डावीकडे बसतो, म्हणून खिडकीत कोपर टेकून टेकून त्याचा डावा खांदा कायमचा उतरला होता. आणि त्याचा नन्नाचा पाढा सगळ्या गावाला पाठ होता. पोराच्या लग्नाला नाही, शहरातल्या घराला नाही, धुलाईयंत्राला नाही. पोराच्या उड्या मारण्याच्या धंद्याला तर सगळ्यात मोठा नाही. हनुवटी वर, आणि टाळ्याला जीभ लावून एक 'च्चक'. विषय संपला. गेल्या शरदात दवाखान्यात तिनं विचारलं होतं, "ताते, थोडं सूप घेता?" तर त्यालाही च्चक! इमारतीच्या दारावर चिकटवलेल्या त्याच्या मृत्यूच्या कागदावरच्या फोटोतून तो अजून रोज सकाळी तिच्याकडे नापसंतीनं बघायचा.

तिनं साहेबांचा फोन तसाच सोडला आणि कालोयानला लावला.

"काय गं? कोट चढवतोय मी. बोल पटकन."

"कालो, पुलावर जाऊ नकोस. तुझे वडील उभे आहेत तिथं... नाही म्हणताहेत."

पलीकडे कोटाची चेन ओढल्याचा आवाज आला. मग तो हसला. "ते हो कधी म्हणाले होते? अगं, काल पळालोय मी त्याच पुलावर. ऊन लागलंय का तुला?"

"निम्माच पळालास. ते पुढे उभे आहेत. त्या दिव्याच्या हुकापाशी."

"झोरी, इथं साठ माणसं खोळंबलीत. बायकोला सासरा दिसला, असं सांगू त्यांना?"

तिला रडू फुटायला आलं. काय सांगावं म्हणजे पटेल त्याला? डोळे पुसून ती पुन्हा मास्ककडे बघत राहिली, आणि तेव्हा तिला आकृतीचा पाय दिसला.

"कालो, ऐक. त्यांचा उजवा पाय... ते तो सारखा दाबताहेत. फळीवर. दाबतात, सोडतात, पुन्हा दाबतात..."

तो हसला नाही. कालोयान गाडी चालवायचा तेव्हा ताते शेजारी बसून असाच पाय दाबायचा. तिथं ब्रेक नसायचा, तरी दाबायचा. बापलेकांची त्यावरून प्रत्येक वळणावर भांडणं व्हायची.

"किती वेळा दाबतात?" त्याचा आवाज बारीक झाला होता.

"थांबतच नाहीत रे..."

"फोन ठेव," तो म्हणाला. "बोलतो मी इथल्या लोकांशी."

त्यानंतर ती दोन्ही हात मांडीत घेऊन बसून राहिली. ल्यूबेननं तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला आणि खिशातून बापाकडून आलेला क्रूस काढून मुठीत धरला. पडद्यावर पांढरा म्हातारा पाय दाबत होता.

फोन वाजला तेव्हा कालोयानला नीट बोलता येत नव्हतं. त्यानं हट्ट धरून आधी वाळूच्या पोत्यांचा गाडा दोरीनं पुलावरून ओढायला लावला होता. लोकांनी त्याला भित्रा म्हणून चिडवलंही होतं. गाडा हुकापाशी पोचला, आणि एका बाजूची तार सुटली. फळ्या, पोती, गाडा, सगळं दरीत.

"आवाज यायलासुद्धा वेळ लागला, झोरी," तो म्हणाला आणि लहान पोरासारखा रडला.

पितरांच्या शनिवारी झोर्नित्सा शिजवलेला गहू, चीज भरलेली खुसखुशीत बनित्सा आणि लाल वाइन घेऊन कबरीवर गेली. एरवी ती काहीतरी सबब सांगून नवऱ्यालाच पाठवायची. या वेळी तिनं स्वतःच्या हातानं मातीवर वाइन ओतली. "ताते, तुमच्या एकेका नाहीचा मी राग राग केला," ती म्हणाली. "तुमचा तो एक नाही मला आयुष्यभर पुरेल. फार उपकार झाले." तिचं मन अगदी हलकं झालं, आणि राहिलेला गहू तिनं येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटून टाकला.

पुढच्या आठवड्यात नवी दृश्यं आली. पुलाचा प्रसंग रद्द करून कालोयानला आता एका सपाट कुरणातून पळवलं होतं. दरी नाही, पूल नाही, पडलाच तर गवतावर. झोर्नित्सानं हिरवा ठिपका ठेवला.

पांढरा कालोयान पळत होता. त्याच्या मागे चार पावलांवर, एक खांदा उतरलेला, ताते चालत होता.

या वेळी ती घाबरली नाही. लाल ठिपकाही ठेवला नाही. ल्यूबेन जेवायला गेला होता. तिनं पडद्याला बोटं टेकवली आणि मायेनं म्हणाली, "ताते, झालं हो आता. पोरगं सुखरूप आहे. आता सुखानं जा... जाल ना?"

दृश्य चार दिवसांपूर्वीचं होतं. आज ती काय विचारणार आहे हे तेव्हा तिलाही ठाऊक नव्हतं.

आकृती थांबली. कालोयानकडचं तोंड वळवून तिनं ते झोर्नित्साकडे केलं, आणि हनुवटी वर उडाली.

तिच्याकडे येणाऱ्या चित्रांना आवाज कधीच जोडलेला नसतो. तरी गळ्यात अडकवलेल्या हेडफोनमधून, अगदी कानाखाली, तिला स्पष्ट ऐकू आलं.

च्चक.