लाल गडी

भडगावच्या बाजारपेठेतून गिरणा नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर हिलाल आणि मगन या दोघा भावांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान दोघांचं, पाटी मात्र एकट्या हिलालच्या नावाची. हिलाल जाऊन वर्ष उलटलं तरी मगनने ती उतरवली नव्हती. उतरवून तरी काय? गिऱ्हाईक आत आलं की आधी सुस्कारा टाकायचं, "हिलालभाऊ राहते तर आतापर्यंत टीव्ही घरी गेला असता!" मगन मान खाली घालून तारांना कथलाचा डाग लावत राहायचा.

वैशाखातल्या त्या दुपारी बाजार सुनसान होता. द्रौपदाबाई मास्तरणींचा रंगीत टीव्ही नुकताच चालू झाला होता. रंग नीट उमटतात का ते बघायचं, तर दुपारी पडद्यावर मुंग्यांशिवाय काही नसायचं. म्हणून मगनने फळीवरचा टीव्हीचा गेम उतरवला, धूळ झटकली आणि कॅसेट खोचली.

गेम हिलालच्या आवडीचा. बंदूक घेऊन पळायचं, पळता पळता गोळ्या चुकवायच्या, मारायच्या. हिलालचा गडी लाल, मगनचा निळा. सगळं धबधब्यापाशी अडायचं. तिथे अरुंद दगडांवरून उड्या मारत वर चढायचं होतं. एक गडी वर गेला की पडदाही त्याच्यासोबत वर सरकायचा, आणि दुसरा खाली राहिला की मेला. हिलाल भराभर चढायचा. मगन दरवेळी खाली मरायचा.

"भाऊ, जरा थांब ना."

"तूच पटपट ये. मी कोनासाठे थांबस नही!" हिलाल हसायचा.

खरंच थांबला नाही. वादळाने वाकलेला अँटेना सरळ करायला दुकानावरच्या गच्चीच्या कठड्यावर चढला. मगन दोर आणायला गेला होता. तो दोर घेऊन आला तेव्हा भाऊ खाली रस्त्यावर होता, आणि जीव गेलेला होता.

आता पडदा ओढणारं कोणी नव्हतं. तरी मगनला धबधबा चढता येईना. बटण दाबलं की गडी जरा उशिरानेच उडायचा. दगडावर पाय टेकला न टेकला तोच समोरून गोळी. ती चुकवावी तर पाय सुटायचा. थोडं आधी दाबलं तर डोकं आपटायचं, थोडं नंतर दाबलं तर सरळ पाण्यात. मेला, की पुन्हा अगदी तळापासून. अंगठा दुखायला लागला. बटणं घामाने निसटू लागली. इतकी वर्षं तो भावाच्या नावाने बोटं मोडत होता, आणि इथे तर भाऊ नसतानाही तो तळातच मरत होता. त्याने रिमोट टेबलावर आपटला.

पडद्यावर लाल गडी उभा होता.

मगनने भिंतीकडे पाहिलं. दुसरा रिमोट खिळ्याला टांगलेला होता, वायर गुंडाळलेली, पिन मोकळी लोंबत होती. गेमला तो जोडलेलाच नव्हता. लाल गडी सगळ्यात खालच्या दगडावर, तोंड वर करून, नुसता उभा.

मगनने भीतभीत उडी मारली. जमली. दुसरी मारली, तीही जमली. पडदा वर सरकला, लाल गडी खाली गेला, मेला.

त्याच क्षणी गच्चीवर धप्प आवाज झाला.

माकड असेल. लाल गडी पुन्हा तळाच्या दगडावर आला होता. मगनच्या छातीत काहीतरी कडू उसळलं. "घे," तो दात आवळून पुटपुटला, "आता तू राहा खाली." पुन्हा उड्या. पुन्हा धप्प. कधी नव्हे ते उड्या अचूक पडत होत्या, आणि तो लाल गड्याला पुन्हा पुन्हा मारत होता.

मागच्या घरातून कुंदाबाई, हिलालची बायको, दारात आली.

"भाऊजी, गच्चीवर कोन शे?"

"माकडं असतील, वहिनी."

"माकडं अशी पडत नाहीत… मी बघते."

ती जिना चढून गेली. मगन पडद्याकडे वळला, तेवढ्यात लाल गडी हलला. एकाही दगडावर न रेंगाळता तो निळ्याच्या डोक्यावरून वर गेला. पडदा सर्रकन सरकला, मगनचा गडी खाली जाऊन मेला. या वेळी वर आवाज झाला नाही.

मगनने वायर उपटली. काच काळी झाली. दुकानात जळक्या डागाचा वास तेवढा राहिला.

"भाऊजी…" वरून दबका आवाज आला. "पाणी आणा… हे मागताहेत."

मगनने माठातून तांब्या भरला. दोन-दोन पायऱ्या चढताना निम्मं पाणी जिन्यातच सांडलं.

कुंदाबाई टाकीच्या सावलीत बसली होती, डोक्यावरचा पदर पुढे ओढून. त्याच्याकडे न बघता तिने तांब्या घेतला आणि शेजारच्या मोकळ्या जागेत धरला. घटाघट पाणी गिळल्याचा आवाज आला. तांब्या रिकामा झाला. खालची फरशी कोरडी ठक्क होती.

"अजून आणा," ती म्हणाली.

मगन वळला. भावाने मागितलेलं आणायला तो जन्मभर असाच जिना उतरत आला होता.

"लवकर या…" मागून तिचा हलका आवाज आला. "पाणी पिऊन खाली येतो, म्हणताहेत."