सादिकचाचांचा कबुलीजबाब

"दुआ, चाल ना खेळाले! सुट्ट्या सरून राह्यल्या, अन् तू आपली दारातच!" हरीओम ओरडला.

दुआ हलली नाही. रस्त्यावर मोटारसायकल वाजली की ती उठायची, गाडी पुढे निघून गेली की पुन्हा बसायची. विहिरींवरच्या पाण्याच्या मोटरी दुरुस्त करणाऱ्या तिच्या अब्बूंना, सादिकचाचांना, पोलिसांनी धरून नेलं होतं. उकंडरावांच्या विहिरीतली मोटर गायब झाली होती, आणि तिला शेवटचा हात सादिकचाचांनीच लावला होता.

"त्यायनं कबूल केलं म्हंतात," राखी हळूच म्हणाली.

"माहे अब्बू चोर नाहीत!" दुआचे डोळे भरून आले. "त्यायच्याबिगर घर खायले उठते गं."

हरीओमला एकदम आठवलं. "माही ज्योत्स्नामावशी वाशीमच्या कोर्टात वकील आहे. तिलेच इचारू!"

मावशीने फोनवर सगळं ऐकून घेतलं. "हे बघा पोरांनो, पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. धाकाने, आमिषाने माणूस काहीही बोलून जातो. मात्र त्याच्या सांगण्यावरून चोरीची वस्तू सापडली, तर तेवढं सांगणं चालतं. मोटर सापडली का?"

"नाही!" तिघं एकदम ओरडली.

"मग नुसत्या कबुलीवर काही सिद्ध होत नाही. जामिनाचं मी बघते."

फोन ठेवताच दुआ ताडकन उठली. "मंग मोटर आहे कुठी?"

तिघंही उकंडरावांच्या शेताकडे पळाली. विहिरीच्या काठावर खांबाला मोटर टांगायच्या दोरीचा तुकडा लोंबत होता. राखीने तो हातात घेतला, तर त्याचा भुगाच झाला!

"दोरी कापलेली नाही. सडून तुटली!"

"वायर बी पाह्य! ताणून तुटली," हरीओम म्हणाला.

"कोन रे तिकडं?" उकंडराव तणतणत आले.

दुआ पुढे झाली. "काका, तुमी विहिरीत पाह्यलं होतं का?"

"कायले पाहू? चोरी झाली म्हनल्यावर!"

"मंग आता पाहा ना!"

बादली पडली की काढायचा लोखंडी गळ राखीने घरून आणला. उकंडरावांनी कुरकुरतच तो पाण्यात सोडला. एकदा रिकामा आला, पुन्हा रिकामा... मग अडकला! त्यांनी गड्यांना हाक मारली. सगळ्यांनी जोर लावला आणि चिखलाने माखलेली मोटर वर आली. तिच्या गळ्यात सडक्या दोरीचं टोक तसंच होतं.

उकंडरावांनी कपाळाला हात लावला. "म्या न पाहताच सादिकचं नाव घेतलं. चाला, आत्ताच जाऊन सांगतो!"

सादिकचाचा सुटून आले तेव्हा सारी गल्ली दारात उभी होती. ज्योत्स्नामावशीही आली होती. "पोलिसांनी जे पाहायला हवं होतं, ते या पोरांनी पाहिलं. शाब्बास!" ती म्हणाली. उकंडरावांनी सर्वांसमोर हात जोडले.

दुआला मात्र यातलं काही ऐकू येत नव्हतं. तिने अब्बूंना घट्ट मिठी मारली होती.

"अब्बू, तुमी चोरी केलीच नव्हती, तर हो काहून म्हनलं?"

सादिकचाचांनी तिच्या केसांवरून हात फिरवला.

"पोलीस म्हने, हो म्हन, लगेच घरी सोडतो, बेटा. मले तुही लई याद येत होती."