दहा दिवसांच्या बर्फासाठी

"बर्फात चालणारे टायर मिळतील का?"

शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात, भर दुपारी, एसी धापा टाकत असताना कुणी असं विचारलं तर तुम्ही काय कराल? मी हसले. कस्टमरसमोर दात काढू नयेत, हे अब्बांनी हजारदा बजावलेलं असूनही खळखळून हसले.

तो मात्र हसला नाही. काउंटरवर दोन्ही हात टेकून तसाच उभा राहिला. कपाळावर घाम, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि डोळे... जाऊ द्या, डोळ्यांचं नंतर सांगते.

"मी ज्यांच्याकडे ड्रायव्हर आहे त्या अरबाबची बीवी लेबनानची आहे, मॅडम. ईदला तिच्या गावी जायचंय, डोंगरात. बाय रोड. गाडी मी चालवणार. आणि मी दाभोळचा माणूस... बर्फ पाहिलाय तो फक्त मासळीच्या पेटीत!"

आतून अब्बा जवळजवळ धावतच आले. तीस वर्षं टायरच्या धंद्यात काढलेला माणूस. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी चुकून पाठवलेले चार बर्फाचे टायर आमच्या गोडाउनच्या कोपऱ्यात पडून होते. त्यांत मांजर व्यालं होतं.

"आहेत ना! चारच्या चार आहेत!"

"घेऊ नका," मी म्हणाले.

अब्बांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी दुकानाला काडी लावली होती. पण मला खोटं विकता येत नाही, आणि गप्प तर त्याहून बसता येत नाही.

"त्यांचं रबर मऊ असतं. इथून तिथवर तीन दिवस गरम डांबरी रस्ता. सौदी ओलांडेपर्यंत निम्मे झिजतील. आणि बर्फ किती दिवस? फार तर दहा, तोही डोंगरावरच. त्यापेक्षा टायरवर चढवायच्या लोखंडी चेन घ्या. डिकीत पडून राहतील. बर्फ लागला की चढवायच्या, रस्ता मोकळा झाला की काढायच्या. खलास!"

तो जरा विचारात पडला. "पण आपण वाळूत टायरची हवा काढतो ना... बर्फातपण थोडी काढली तर?"

"बरोबर!" अब्बा म्हणाले.

"चूक!" मी म्हणाले. "डोंगरातला वळणाचा रस्ता आहे तो, वाळवंट नाही. हवा कमी केली तर चेन सैल पडेल आणि अरबाबसकट दरीत जाल."

तेव्हा तो पहिल्यांदा हसला. "मुझम्मिल," त्याने नाव सांगितलं. "दरीत नको, मॅडम. चेन द्या."

अब्बा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

चेन दुबईहून मागवाव्या लागल्या. त्या आल्या तोवर रमजान सुरू झाला होता. सोबतचा कागद सगळा इंग्रजीत, आणि मुझम्मिलची शाळा आठवीत सुटलेली. मग शिकवणार कोण? मीच. दुकानामागच्या मोकळ्या वाळूत, दुपार कलल्यावर, असरच्या नमाजनंतर त्याने गाडी उभी करायची आणि मी सावलीतल्या खुर्चीवरून कागद वाचायचा. येणारेजाणारे थांबून बघायचे. वाळूत बर्फाची चेन! शेजारच्या गॅरेजवाल्या पठाणांनी तर हसून हसून त्यातच अर्धा रोजा काढला.

"हसू द्या," मी म्हणायचे. "पुन्हा चढवा."

"चारदा चढवली, मॅडम."

"तिथं बोटं गारठलेली असतील, वरून बर्फ पडत असेल. पाचव्यांदा."

"तुम्ही सगळ्या कस्टमरना असंच छळता?"

"नाही... सगळे इतके ढ नसतात."

तो गुडघ्यांवर वाळूत बसलेला, हाताला ग्रीस, ओठ रोजाने सुकलेले. मान वर करून बघायचा, आणि कागदावरची ओळ माझ्या डोळ्यांसमोरून निसटून जायची. सांगितलं होतं ना, डोळ्यांचं नंतर सांगते म्हणून? तर ते असे होते.

"चेन लावून थोडं पुढे जायचं," मी वाचत होते, "मग थांबायचं, उतरून पुन्हा ताणून घ्यायची. एकदा लावली म्हणून विसरायचं नाही."

"तुम्ही बरोबर असता तर विसरलो नसतो," तो हळूच म्हणाला. मग लगेच खाली बघून चेनशी खुडबुड करत बसला.

मी वाट पाहिली. पुढे काहीतरी बोलेल... आज नाही तर उद्या. तो बोललाच नाही. आणि का बोलत नव्हता ते मला ठाऊक होतं. अबुधाबीच्या बँकेत अधिकारी असलेल्या मोहिद्दीनचं स्थळ मला आलं होतं. त्याच्या घरचे ईदला आमच्याकडे येणार होते आणि अब्बा त्यांना जबान देणार होते. ही बातमी अब्बांनी मुद्दाम मुझम्मिलसमोर, चहाच्या टपरीवर, मोठ्या आवाजात सांगितली होती.

निघायच्या आदल्या दिवशी तो आला. चेनची पिशवी डिकीत ठेवली, झाकण लावलं.

"बँकवाला चांगला असेल," तो म्हणाला. "मी ड्रायव्हर. बोलून काय होणार, नबिला?"

त्याने पहिल्यांदाच मला नावाने हाक मारली होती. ती अशी, निरोप घेताना! माझा संताप संताप झाला.

"माझ्या वतीने तुम्हीच नकार देऊन टाकलात? मला विचारलंत?"

सूर्य बुडाला. मगरिबची अजान झाली, त्याने मला रोजा सोडायला एक खजूर दिला आणि गाडी सुरू केली.

ईदचा दिवस. अल मजाजच्या आमच्या फ्लॅटमध्ये मोहिद्दीन, त्याचे आईवडील, दोन आत्या. अम्मीने शीरखुर्म्याच्या वाट्या माझ्या हाती दिल्या आणि मान खाली ठेव म्हणाली. मोहिद्दीन वाईट नव्हता, खरंच. पण माझं मन त्याच्याजवळ नव्हतं.

अब्बांनी घसा साफ केला. "तर मग, आमच्याकडून..."

फोन वाजला. मी वाट्यांचा ट्रे टीपॉयवर ठेवला आणि उचलला.

"तय्यबशेठना, तुमच्या अब्बांना, ईद मुबारक सांगायला केला," तिकडून मुझम्मिलचा खरखरता आवाज. "रस्त्यातल्या एका दुकानातून बोलतोय. बर्फ लागला, नबिला. घाटात पाच गाड्या आडव्या पडल्यात. मी चेन चढवली, थोडं पुढे जाऊन पुन्हा ताणली. आमची गाडी इथवर नीट आली."

घाट, बर्फ, अंधारून आलेलं आभाळ, आणि त्याचे उघडे हात... सगळं डोळ्यांसमोर आलं. मागे वळून पाहिलं. सगळे माझ्याकडेच बघत होते. आता गप्प बसले असते तर जन्मभर गप्प बसावं लागलं असतं.

"मुझम्मिल, फोन ठेवू नका. इथं पाहुणे बसलेत, त्यांच्यासमोर विचारते. मला तुम्ही आवडता. खूप आवडता. माझ्याशी निकाह कराल?"

अम्मीच्या हातातला चमचा पडला. मोहिद्दीनची एक आत्या "या अल्ला" म्हणाली. मोहिद्दीनने मात्र मान खाली घालून हसू दाबलं. भला माणूस!

 मग तो म्हणाला, "करेन. आत्ता परत फिरू का?"

"वेडे आहात का?"

अब्बा उठले. चेहरा लालबुंद. त्यांनी माझ्या हातातून रिसीव्हर ओढून घेतला. आता शिव्या बसणार म्हणून मी मान ताठ करून उभी राहिले.

"मुझम्मिल," ते ओरडले. मग पाहुण्यांकडे पाठ केली.  "...स्पीड किती ठेवतोस?"

तिकडून काहीतरी उत्तर आलं.

"चाळीसच्या वर जायचं नाही. चारदा थांब, पण सुखरूप ये." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पटकन नजर वळवली. "आलास की... बघू."

मी त्यांच्या हातातल्या रिसीव्हरवर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले,

"बघू नाही, अब्बा. त्याला हो सांगा."