वरच्या फळीवरचे हात

आमच्या जिल्ह्याच्या संग्रहालयात रेशमी किनखापाचा जुना माग आहे. त्यावर दोघींनी मिळून विणायचं असतं. एक वर फळीवर बसून नक्षीचे दोर ओढते, दुसरी खाली आडव्या धाग्याचा धोटा टाकते. खालचीने मान वर करायची नाही, नजर कापडावरच ठेवायची, हा आमचा शिरस्ता.

मी खालची. वर माझी नणंद सुछिन बसायची. या थंडीत ती गेली आणि नक्षीतल्या फिनिक्स पक्ष्याचं शेपूट अर्धंच राहिलं. तिच्या जागी आलेली लानशिन, लेकुरवाळी बाई, उत्साही भारी. पण दोर ओढताना हमखास चुकायची. शेवटी संचालक कोंगनी मला बजावलं, "रुईफनताई, उद्या पाहुण्यांसमोर शेपूट बिनचूक पुरं करा. नाहीतर मागाला काच बसवतो."

काचेआडचा माग म्हणजे मेलेला माग. रात्रभर माझा डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी दाट धुकं होतं. मी लवकर येऊन धोटा पुसत बसले होते. मागे शिडी करकरली.

"आलीस का गं? चहा तरी घ्यायचास."

पावलं थेट फळीवर चढली. रुसली असेल, काल मी तिला चांगलंच झापलं होतं. दोर ओढले गेले, मी धोटा टाकला. ओळीमागून ओळ उमटू लागली. एकही चूक नाही! मी खूश होऊन शाबासकी देणार, तोच वरून कापराच्या मलमाचा वास आला. सुछिन दुखऱ्या खांद्याला चोळायची, तोच.

"वन्सं...?"

दोर क्षणभर थांबले. मग पुन्हा चालू झाले.

तेवढ्यात दार ढकलून लानशिन धापा टाकत आत आली. हातात गरम बनपावांची पिशवी.

"मावशी, बस अडकली हो धुक्यात! शिव्या नंतर घाला, आधी खाऊन घ्या."

अंगणात पाहुण्यांची पावलं वाजली. मला किंचाळायलाही वेळ नव्हता.

"वर चढ," मी कशीबशी म्हणाले.

ती चढली. आणि दोर आले... अचूक, एकामागून एक. पाहुणे श्वास रोखून पाहत होते. शेपटाचं शेवटचं पीस पुरं झालं, तेव्हा कोंग हसून म्हणाले, "काचवाल्याला नको म्हणून कळवतो." माझ्या डोळ्यांना धार लागली.

सगळे पुढच्या दालनात गेल्यावर वरून लानशिन हळूच म्हणाली,

"मावशी, झालं ना आता? मग सांगा ना ह्या बाईंना... माझी बोटं सोडायला."