तापट पहारेकरी

सन २०५८ उजाडलं, तरी साताऱ्यातल्या मुलांचा एक समज कायम होता : पेरू फ्रॉकच्या टोकात धरून चिमणीच्या दातांनी तोडला की तो उष्टा होत नाही. दहा वर्षांची शाल्मली असाच अर्धा पेरू रोज धाकट्या नीलला देई. पण चार दिवस झाले, ती त्याला कणभरही देईना. नीलने रडून घर डोक्यावर घेतलं, तरी बाईसाहेब ढिम्म!

अखेर निखिलआजोबांनी तिला अंगणात गाठलं. आईचे हे वडील आयुष्यभर प्रतिकारशक्तीवर (रोगांशी लढण्याच्या शरीराच्या ताकदीवर) संशोधन करत आलेले. त्यांनी नुसतं "काय गं?" म्हटलं आणि शाल्मलीचा बांध फुटला.

"शाळेच्या तपासणीत माझ्या एका जनुकात बदल निघालाय. पोटाच्या कर्करोगाचा धोका दीडपट, असं लिहिलंय. मी मरणार ना, आजोबा? आणि माझ्या उष्ट्यातून नीललाही तो बदल लागला तर?"

एवढीशी पोर चार दिवस हे एकटीच उरावर घेऊन हिंडत होती! आजोबांनी तिला जवळ घेतलं.

"जनुक म्हणजे शरीर कसं घडवायचं याची पेशीतली सूचना. ती आईबाबांकडून येते, उष्ट्यातून नाही. आता दीडपटीचं बघू. समजा, हजारांतल्या दहाजणांना हा आजार होतो. मग तुझ्यासारख्या हजारांत किती?"

"पंधरा," शाल्मलीने डोळे पुसत हिशेब केला. "म्हणजे नऊशे पंच्याऐंशी ठणठणीत?"

"बरोब्बर! प्रतिकारशक्ती म्हणजे आपले पहारेकरी. तुझे जरा तापट आहेत, एवढंच. जठरात एक जंतू राहू शकतो. तो दिसला की तुझे पहारेकरी जास्तच भडकतात, त्यामुळे जठरात दाह (आतली सूज) होतो. दाह वर्षानुवर्षं राहिला, तर पेशी पुन्हा पुन्हा नव्याने बनतात आणि बनताना चुका होतात. अशा चुका साठत गेल्या की कर्करोग होऊ शकतो."

"आणि जंतूच नसेल तर?"

"तर भडकायचं कशावर? जनुक बदलता येत नाही, पण जंतू हाकलता येतो. मात्र तो उष्ट्यातून पसरू शकतो हं. तेव्हा दोघांचीही तपासणी करू."

दोघांनी औषधी पाणी पिऊन जंतू ओळखणाऱ्या यंत्राच्या नळीत फुंकर मारली. नीलचा दिवा हिरवा लागला. शाल्मलीचा लाल!

"सापडला लबाड!" आजोबांनी मात्र टाळी वाजवली. "चौदा दिवस गोळ्या घ्यायच्या, बस्स."

गोळ्या कडू जहर होत्या. तरी शाल्मलीने एकही चुकवली नाही. त्या संपल्यावर महिन्याने तिने पुन्हा फुंकर मारली. दिवा हिरवा! तिला इतकं हलकं वाटलं की तिने दोन गिरक्या घेतल्या. आजोबांच्या डोळ्यांत मात्र पाणी होतं.

"माझ्या भावात, तुषारमध्ये, हाच बदल होता गं. त्याची तपासणी कुणी वेळेत केलीच नाही आणि कर्करोगाने तो गेला. तुझी झाली."

शाल्मलीने आजोबांचा हात धरला.

"मला हा बदल आईकडून आला असेल, तर आईची तपासणी झालीये?"

"महिनाभर मागे लागलोय. वेळ नाही म्हणते."

शाल्मलीने एका हातात यंत्र घेतलं, दुसऱ्या हातात औषधी पाणी आणि थेट स्वयंपाकघर गाठलं.

"आई, गॅस बंद कर. आधी हे पी आणि इथे फुंक!"